कुमुदताईचे ठसे आणि माझं टेकण

कुमुदताईचे छापायचे लाकडी ठसे बंबात जळत होते. मी जिना चढून वर गेले तेव्हा गच्चीवर तांब्याचा बंब पेटवलेला होता आणि मिलिंदची बायको वरून नळीत एकेक लाकूड सोडत होती. मिलिंद म्हणजे कुमुदताईचा भाचा, पुण्याला असतो. आदल्या दिवशी दुपारी कुमुदताईला स्मशानात नेलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, वीज गेलेली, सगळ्यांना अंघोळीला गरम पाणी पाहिजे. त्या पोरीच्या हातात जे लाकूड होतं ते मला लांबूनच ओळखू आलं. मोराचा मोठा ठसा होता तो. पिसाऱ्यातल्या एका डोळ्याचा टवका उडालेला, तो माझ्याच हातून पडून उडाला होता.

"अगं, ते काय टाकतीस?" मी म्हणाले.

"खोक्यात जुनी लाकडं होती हो. छान पेटतायत."

आणि तिनं तो सोडला. मी तिला बाजूला सारलं, चिमटा घेतला आणि नळीत घातला. अर्धा मोर निघाला. वेलबुट्टीचा एक तुकडा निघाला. बाकीचे लाल झाले होते, चिमट्यात धरले की फुटायचे. धूर बघून मिलिंद धावत आला. "गंगूबाई, काय करताय? भाजेल ना हाताला." मी म्हणाले, "भाजलं. तू अंघोळ करून घे." खोक्याच्या तळाशी सहा-सात ठसे उरले होते आणि एक चिंधीची पुरचुंडी होती. खोकं काखेत मारलं आणि जिना उतरले. मला कुणी अडवलं नाही. अडवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल.

हे मी लिहिलं नसतं. पण मागच्या महिन्यात याच पुरवणीत मिलिंदनं आपल्या आत्यावर लेख लिहिला. लेख चांगला आहे, शिकलेला आहे तो. त्यात म्हटलंय की आत्यानं हातानं ठसे मारून उभी राहणारी शुभेच्छापत्रं केली, तशी या शहरात आधी कुणी केली नव्हती, आणि ती उभी करायची युक्ती आत्याच्या एकटीच्या डोक्यातून निघाली. शेवटाकडं एक ओळ आहे. "त्यांच्या मदतीला एक बाई येत असत." ती बाई मी. चौतीस वर्षं तिच्यासोबत काम केलं. युक्ती माझी होती. सांगायचं एवढंच आहे, पण नुसतं एवढं सांगून कुणाला पटायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत, पिशोरला. लग्न होऊन छावणीत आले. नवरा तिथल्या बाजारात धान्याच्या दुकानात कामाला होता. दोन मुली झाल्या, भागेना, म्हणून मी औरंगपुऱ्यात धुण्याभांड्याची कामं धरली. त्यातलं एक घर कुमुदताईचं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, ती आणि तिची आई. वडील वारले होते. ते निजामाच्या कचेरीत उर्दूत दप्तर लिहायचे. पोलीस ॲक्शन झालं, कारभार बदलला, नोकरी राहिली पण विचारणारं कुणी राहिलं नाही, असं ती सांगायची. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न झालं नाही. का झालं नाही ते मला ठाऊक आहे, ते मी लिहिणार नाही. वयानं मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तरी ती मला गंगू म्हणायची आणि मी तिला कुमुदताई, अहो-जाहो. तोंडावर कायम तुम्ही म्हटलं. आता लिहिताना ‘ती’ म्हणते.

ठसे कोरायचे रहीमचाचा. कापडावर छापायचे ठसे करणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. पोलीस ॲक्शननंतर शाली-रुमाल घेणारी मोठी घरं हैदराबादला गेली, काही त्याच्याही पलीकडं गेली, आणि चाचांच्या हाताला काम उरलं नाही. कुमुदताईनं त्यांना कागदावर मारायचे ठसे कोरायला सांगितले. ती चित्र काढून द्यायची, चाचा सागाच्या ठोकळ्यावर उतरवायचे. कमळ, मोर, हत्ती, चंद्रकोर, पणती. प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यात चाचा एवढंसं पान कोरायचे, तांदळाच्या दाण्याएवढं. ती त्यांची खूण. सही नको का, असं म्हणायचे. त्या माणसालाही कळत होतं.

सुरुवातीला ती साधी कार्डं करायची, सपाट. खाली औरंगपुऱ्यात कागद-वह्यांचं दुकान होतं, तो दुकानदार म्हणाला, "बाई, चित्र छान आहे. पण वेरूळ बघायला येणारे लोक घेतात ते टेबलावर ठेवायला. हे उभं राहील असं करा." मग तिनं डोकं चालवलं. कागदाच्या मधल्या रेघेवर मोर असा छापायचा की मान आणि तुरा रेघेच्या वर येईल. वरचा भाग कडेनं कापून मोकळा करायचा आणि कागद मागं दुमडायचा. मान दुमडत नाही, ताठ वर राहते. ही कल्पना तिची. ती मी माझी म्हणणार नाही. पण कार्ड उभं राहीना. तंबूसारखं ठेवलं की दोन्ही पाय पसरायचे आणि मोर तोंडावर पडायचा. आठ दिवस ती ठेवत होती, तो पडत होता. मी फरशी पुसत होते आणि बघत होते.

शेवटी मीच म्हणाले, "ताई, ह्याला टेकण पायजे."

"कसलं टेकण?"

"बैल सोडल्यावर गाडीला लावतेत तसं. नायतर गाडी तोंडावर पडती."

ती हसली. तिनं बैलगाडी लांबून बघितलेली. मी हात पदराला पुसले, कात्री घेतली, मागच्या पानातून बोटभर रुंदीची जीभ कापली, वरून न तोडता, आणि ती मागं ओढून टेकवली. ती लगेच वाकली, मोर पडला. दुसरा कागद आडव्याचा उभा करून घेतला, त्यावर मोर छापला आणि तशीच जीभ कापली. मोर उभा राहिला. मी पदरानं वारा घातला, तरी उभाच. कागदाला धागा असतो. एका अंगानं वाकवला की मऊ वाकतो, दुसऱ्या अंगानं कुरकुर करतो. टेकण कुरकुरणाऱ्या अंगाचं पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ज्वारीचं धाट कुठल्या अंगानं मोडतं आणि कुठल्या अंगानं चिरतं हे ज्याला माहीत आहे त्याला कागदाचं वेगळं काय सांगायचं.

कुमुदताईनं मोर उचलून मागचं टेकण बघितलं. म्हणाली, "गंगू, उद्यापासून भांडी राहू दे. माझ्यासोबत बस."

मी बसले. भांडी राहिली नाहीत, तीही केली, पण बसले. रंगात भिजवलेल्या घोंगडीच्या तुकड्यावर ठसा दाबायचा, कागदावर ठेवायचा, वरून तळहातानं एकच दाब द्यायचा. दुसरा दाब दिला की चित्र दुहेरी होतं. तिचा हात हलका होता, कडा फिकट यायच्या, म्हणून ठसे मारायचं कामही माझ्याकडं आलं. ती चित्र काढायची आणि रंग ठरवायची. दिवाळी, ईद, नाताळ, नवं वर्ष... आम्हाला सगळ्यांचे सण सारखे. कामात ती कडक होती आणि खरी होती. वाकडं कापलेलं कार्ड दुकानात जाऊ द्यायची नाही, मग ते माझं असो की तिचं. तिच्याकडून मी रंग शिकले. हेही खरंच आहे.

चहा मला वेगळ्या कपात मिळायचा. कान तुटलेला कप, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. मी तो घ्यायचे, प्यायचे, विसळून परत पालथा घालायचे. पाचेक वर्षांनी तिची आई वारली. त्यानंतर एक दिवस तो कप खिडकीत दिसला नाही. दोघींचे कप सारखे आले. ती काही बोलली नाही, मी काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, नावाचंही असंच होईल. एक दिवस न बोलता होऊन जाईल.

कारण प्रत्येक कार्डाच्या मागं एक लहान ठसा असायचा, "कुमुद, औरंगपुरा". आणि तो मारायचं काम माझं. टेकणाच्या अगदी वर, जिथून जीभ कापलेली असते तिथं. टेकण माझं, त्याच्यावर नाव तिचं, आणि तेही माझ्याच हातानं छापलेलं. रोज.

बारा वर्षं झाल्यावर मुंबईला हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरलं. तिला बोलावणं आलं. मला वाटलं दोघी जाऊ. मी लुगडंसुद्धा धुऊन ठेवलं होतं. ती म्हणाली, "अगं, एकाच माणसाची सोय आहे." गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या दुकानात ट्रंककॉल आला आणि दुकानदारानं मला हाक मारली. फोन मी तोवर कधी कानाला लावला नव्हता.

"गंगू, पडतायत गं."

"काय पडतंय?"

"कार्डं. इथं लोकांसमोर करून दाखवायचं आहे. मी कापतेय आणि सगळी पडतायत."

"धागा बघितला का?"

"कसला धागा?"

बारा वर्षं माझ्या शेजारी बसून तिला तो ठाऊक नव्हता. मी कापत होते म्हणून तिला बघायची गरजच पडली नव्हती. मी म्हणाले, "कागद दोन्ही अंगांनी वाकवून बघा. ज्या अंगानं वाकायला कुरकुरतो, त्या अंगाची जीभ कापा." पलीकडून कागदाचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हं... कुरकुरतंय." आणि फोन ठेवला. दुकानदार म्हणाला, "गंगूबाई, बाई मुंबईत अन् अक्कल औरंगपुऱ्यात व्हय?" मी त्याला म्हणाले, हळू बोल.

ती बक्षीस घेऊन आली. मोठं प्रमाणपत्र, त्यावर तिचं नाव. माझ्यासाठी साडी आणली होती, हिरवी, चांगल्या पोताची. मी ती पुष्कळ वर्षं नेसले, साडीचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी ती हातात घेऊन मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ताई, मागं माझंबी नाव टाका."

तिनं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "हो गं. टाकायलाच हवं. चाचांना सांगते नवा ठसा करायला."

महिना गेला. विचारलं तर म्हणाली, चाचांकडं चांगलं लाकूड नाही. आणखी काही महिन्यांनी विचारलं तर म्हणाली, चाचांचा हात आता थरथरतो, बारीक अक्षरं त्यांना जमायची नाहीत. पुढच्या वर्षी चाचा वारले. मग ती म्हणाली, "आता कोण कोरणार गं?" हे खरं वाटलं मला. त्यानंतर मी विचारलं नाही. एकाच गोष्टीसाठी माणसानं किती वेळा हात पसरायचा?

चाचा जायच्या आधीची एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली होती. मी त्यांच्या दारावरून जात होते. ते उंबऱ्यात बसलेले, मला बघून हसले. "गंगाबाई, अब तो मिठाई होना. आपा बोले नई क्या तुमकू?" कुमुदताईला ते आपा म्हणायचे. माझ्या थोरलीचं लग्न त्याच आठवड्यात ठरलं होतं. मी म्हणाले, "बोले की चाचा, उद्याच आणते." दुसऱ्या दिवशी पेढे नेऊन दिले. त्यांनी खाल्ले, मुबारक म्हणाले. मी थोरलीच्या लग्नाचं समजून घरी आले.

त्यानंतर आम्ही वीस-बावीस वर्षं काम केलं. मग घरोघरी मोबाईल आले, लोक त्यातच शुभेच्छा पाठवायला लागले, दुकानदाराचा मुलगा म्हणाला आता ठेवत नाही. ठसे खोक्यात गेले. मी तरीही आठवड्यातून एकदा जायचे, तिचं सामान आणून द्यायचे, तिच्या केसांना तेल लावायचे. भाचा दिवाळीला फोन करायचा.

शेवटची भेट ती जायच्या पंधरा दिवस आधीची. खाटेवर होती, आवाज खोल गेला होता, पण शुद्धीत होती. मी पाणी पाजलं. ती म्हणाली, "गंगू, ते खोकं बघ गं."

"काय बघू?"

"बघ एकदा. आतलं."

"वाळवी लागली असंल तर रॉकेल लावते."

तिनं मग भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "लाव." माझे पाय दुखत होते म्हणून त्या दिवशी खोकं काढलं नाही. पुढच्या वेळी लावू म्हटलं.

बंबापासून खोकं घेऊन मी घरी आले त्या दिवशी बोटांना तूप लावलं, चहा केला, मग ती पुरचुंडी सोडली. हिमरूच्या कापडाचा तुकडा होता, दोऱ्यानं बांधलेला. आत एक ठसा. लहान, बोटभर. आमचे सगळे ठसे रंग पिऊन काळे पडलेले. हा पिवळा, सागाचा, कोरा. कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं पान. ठशावरची अक्षरं उलटी असतात, पण इतक्या वर्षांनी ती मला सुलट्यांपेक्षा लवकर वाचता येतात. "कुमुद आणि गंगाबाई, औरंगपुरा."

चाचांना जाऊन चाळीस वर्षं झाली. म्हणजे ठसा त्याच्या आधीचा. लाकूड मिळालं होतं. हात थरथरत नव्हता, एकही अक्षर हललेलं नाही. मी पेढे कशाचे दिले ते मला त्या दिवशी कळलं. आणि काम चालू होतं तोवर ते खोकं माझ्याच मांडीशी असायचं, त्यात ही पुरचुंडी कधी नव्हती. ती तिच्या कपाटात होती. चावी तिच्या कमरेला. काम बंद झाल्यावर, ठसा मारायला एकही कार्ड उरलं नाही तेव्हा, कधीतरी तिनं ती खोक्यात टाकली.

माझी धाकटी म्हणाली, "आई, निदान कोरून तरी घेतला होता ना. मनात होतं त्यांच्या." असेल मनात. मी पुष्कळ विचार केला. लग्न नाही, मूल नाही, वडिलांचा मान गेलेला, जगात तिचं म्हणावं असं ते तीन अक्षरांचं नाव होतं, त्याच्या शेजारी दुसरं आलं तर आपलं अर्धं होईल असं वाटलं असेल. वाटू दे. पण कोरून घेतला म्हणजे तिला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर मी सोडून दिलं असतं. खोकं बघ, हे पंधरा दिवस आधी सांगायचं नसतं. आणि सांगायचं तर सरळ सांगायचं. माझ्या तोंडून रॉकेलचं निघालं तर "लाव" म्हणायचं नसतं.

लेख छापून आल्यावर मिलिंदचा फोन आला. आत्याच्या कामाचं पुण्यात छोटं प्रदर्शन करायचं आहे, तुमच्याकडचे ठसे मिळतील का, म्हणाला. मी म्हणाले, "बंबात बघ." तो मग म्हणाला, "आम्हाला माहीत नव्हतं हो." तेही खरं असेल. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं तर त्याला कुठून माहीत असणार.

माझ्या घरी फळीवर, औषधांच्या डब्याशेजारी, एक कार्ड अजून उभं आहे. मोराचं. रंग उतरलाय, पण मान ताठ आहे. पंखा लावला तरी पडत नाही. मागं "कुमुद, औरंगपुरा" आहे. नवा ठसा त्याच्या पुढ्यात ठेवलाय. नातीनं विचारलं, शाई आणू का, मारून बघू. मी नको म्हणाले. शाई लागली की कुणीही म्हणेल, ठसा तर वापरातला दिसतो. तो कोरा आहे तोवर खरं काय झालं ते त्याच्यावर दिसतं.

त्या खोलीत रोज दोघी बसत होत्या. चित्र काढणारी गेली. टेकण कापणारी आहे. तिचं नाव गंगाबाई, माहेर पिशोर, राहणार छावणी.